केलमन मास्तरची घट्ट वेणी

केलमन मास्तरची बायको गेली तेव्हा हेन्या चार वर्षांची होती. नेमान नदीकाठच्या आमच्या ज्यूंच्या गावातल्या बायकांना आयतंच काम मिळालं.

"पोरीला माझ्याकडे पाठवत जा. पुरुषाच्या हाताला वेणी कुठली यायला?" शेजारीण योख्वेद म्हणाली.

केलमन चिडला. लहान मुलांना धर्मग्रंथ शिकवणारा माणूस तो, ऐकून घेतो की काय! "परमेश्वरानं आदामाच्या बरगडीतून हव्वा बांधली, असं लिहिलंय. या बांधण्याचा अर्थ आपले रब्बी काय सांगतात? त्यानं तिची वेणी घातली, मग तिला आदामासमोर उभं केलं. त्याला कमीपणा वाटला नाही, मला का वाटावा?"

शिकला बिचारा. पण वेणी घालणं हे बांधकामच, त्यामुळे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, ते चालत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी त्याची धांदल. शनिवारी तारे दिसेपर्यंत वेणी टिकायला हवी, म्हणून पेड असे आवळायचा की पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"ताते, हळू ना!" ती बापाला म्हणायची.

"हळू काय हळू? सूर्य चालला बघ खाली!"

चौदा वर्षं हेच चाललं. एरवी त्या घरात बोलणं ते किती! त्या पाव तासाची तो आठवडाभर वाट बघायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, हेन्यालाही नाही.

मग कोव्हनोचं स्थळ आलं. लग्नाच्या दिवशी सकाळी केलमननं सवयीप्रमाणे वेणी घातली. संध्याकाळी नवरीला खुर्चीवर बसवून बायका ती वेणी सोडतात. लग्नानंतर केस कायमचे रुमालाखाली जातात. पण वेणी काही सुटेना.

"अगं बाई, वेणी घातलीय का किल्ला बांधलाय मेल्यानं!" योख्वेद करवादली. "कात्री आणा गं!"

"कात्री नको," हेन्या म्हणाली. "तातेला बोलवा."

बायकांच्या खोलीत केलमन मान खाली घालून आला आणि लेकीच्या मागे उभा राहिला. खरं तर त्याच्या बोटांना दोन मिनिटांचं काम. पण पहिला पेड सुटला आणि त्याला पुढचा शुक्रवार दिसला. रिकामं घर, खिडकीतला कंगवा, आणि तो एकटा.

"मास्तर, आटपा की! तिकडे नवरा खोळंबलाय," योख्वेद ओरडली.

हेन्यानं मान जराशी मागे केली. "हळू, ताते," ती म्हणाली.

आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं.