फ्लॉपीवरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण तुम्ही अक्कांना ओळखत नाही, एवढंच.

जळगावला ज्या खुर्चीत बसून मी आयुष्यभर पगार घेतला, ती खुर्ची मला अक्कांनी दिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात, देवपूरला, भाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. अक्का म्हणजे भाऊंच्या पत्नी. माझे आबा मला नरडाण्याहून रोज एवढ्या लांब पाठवायला अजिबात तयार नव्हते. अक्का त्यांना म्हणाल्या, "पोरले शिकू द्या, आबा. मी शे ना आठे." आणि खरोखरच होत्या. दुपारी स्वतःच्या ताटातली भाकरी-भरीत माझ्यापुढे सरकवायच्या, संध्याकाळी मला एसटीत बसवून मगच घरी फिरायच्या. सख्ख्या मावशीने केलं नसतं एवढं त्या बाईने केलं.

वर्षभरात मी इतकी तरबेज झाले की भाऊ मला कामं सांगू लागले. शिंगं फुटली म्हणा ना. तेव्हा नव्या फ्लॉपी वापरण्याआधी फॉरमॅट कराव्या लागत. भरलेली फ्लॉपी फॉरमॅट केली, की तिच्यावरचं सगळं पुसलं जायचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नव्या फ्लॉपींचा डबा घेऊन बसले होते. पडद्यावर सूचना आली — फ्लॉपी घाला, एंटर दाबा. खालच्या ड्राइव्हमध्ये आधीच काही आहे का, हे वाकून बघायचं असतं. पण बघेल ती मी कसली? दाबलं एंटर. ड्राइव्ह कुरकुरायला लागला आणि मग आठवलं — आत एका शाळेने भरायला दिलेल्या गुणांची फ्लॉपी होती. खाचेवर काळी पट्टी असली की फ्लॉपी पुसली जात नसे. पण दुरुस्त्या करायच्या म्हणून ती पट्टी सकाळी मीच काढली होती. फ्लॉपी झटकन बाहेर ओढली, तोवर व्हायचं ते झालं होतं. ती पाकिटात घातली आणि गप्प बसले.

इथवर चूकच होती, नाही का? चूक कुणाच्याही हातून होते.

शेतकरी खंडेनवमीला औतं पुजतो, तशी अक्का क्लासमधली यंत्रं पुजायच्या. फ्लॉपीसुद्धा ताटात मांडायच्या. भाऊंची ताकीद होती — कुंकू लावायचं ते फक्त लेबलवर. अक्कांनी एकेका लेबलवर हलकंसं बोट टेकवलं, श्वास रोखून. मी शेजारीच उभी होते. मग त्या नैवेद्य आणायला आत गेल्या आणि — सांगते. मी चिमूटभर कुंकू घेतलं आणि त्या गुणांच्या फ्लॉपीच्या उघड्या खिडकीत, जिथून आतली काळी तबकडी दिसते, तिथे चोळलं.

दसरा झाल्यावर ती फ्लॉपी वाचली जाईना. भाऊंना कुंकू दिसलं. सगळ्या मुलांसमोर ते अक्कांना नको नको ते बोलले. अक्कांनी दोष स्वतःच्याच हातावर घेतला, एवढंच म्हणाल्या, "मनाच हात हालना व्हई." भाऊंनी सारे गुण पुन्हा भरले, मी वाचून दाखवत होते. त्याबद्दल माझं कौतुकही झालं. तेव्हा तरी तोंड उघडावं? घरी कळलं तर माझा क्लास बंद होईल, ही भीती होती. पण खरं सांगू? मला माझं हुशार हे नाव जपायचं होतं.

अक्का त्यानंतर क्लासच्या खोलीत आल्या नाहीत. चपला काढायच्या जागी उभ्या राहून मला जेवायला हाक मारायच्या. भाकरी तीच, माया तीच. त्यांचे उपकार मी विसरले नाही. कृतज्ञ आहे असं म्हणताना जीभ अडखळते — पण आहे, मनापासून आहे.

जळगावला नोकरी लागली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. अक्कांनी मला पाटावर बसवलं, हातावर दही-साखर ठेवली. आबांपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला होता. मग करंडा उघडला आणि शेजारणीला हाक मारली.

"तू लाव व माय हिले कुंकू. मना हातना काही भरोसा नही."

मी मान खाली घालून शेजारणीकडून कुंकू लावून घेतलं, अक्कांच्या पाया पडले आणि एसटीत जाऊन बसले.