टाळूवर जिरवलेलं औषध

कुर्डुवाडी मागे पडली आणि मी पर्समधली लाल रिबन पुन्हा एकदा चाचपली. माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या पाच वर्षांच्या ईश्वरीसाठी घेतलेली. पोरीला रोज झटके (फिट) येतात. गोळ्या बदलून झाल्या, उपयोग नाही. शेवटी मी नेलेले तिचे कागद बघून पुण्याच्या डॉक्टरांनी कॅनाबिडिऑल नावाचं तेलकट औषध लिहून दिलं. महिन्यापूर्वी बाटली मीच एसटीने पाठवली आणि फोनवर शहाणपणा केला, "गांजाच्या जातीच्या झाडाचं आहे बरं का!" आता गुण बघायला निघाले होते.

जुळे सोलापुरात रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत उतरवलं. "बाई, हितं समद्या बिल्डिंगा सारख्याच की," म्हणाला. उन्हात बॅग ओढत घर शोधलं.

मंदाच्या सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी (तेल सुटेपर्यंत कुटलेल्या शेंगदाण्यांची) पुढे ठेवली. त्यांचा जन्म सांगोल्याकडे मेंढरांमागे गेला. नातीसाठी फ्लॅटमध्ये राहिल्यात. पहिला घास घेतला आणि त्यांच्या मांडीवरची ईश्वरी ताठ झाली. डोळे फिरले. ती सावरल्यावर मी विचारलं, "काकू, काहीच फरक नाही?"

"न्हाय की. पर औषध एक दिस चुकवलं न्हाय. रोज टाळूवर जिरवती."

"टाळूवर? अहो, ते पोटात द्यायचं होतं!"

त्यांचा चेहरा पडला. "गांजा म्हनल्यावर लेकराच्या पोटात कसं घालायचं? ल्योक नगं म्हनला. म्या म्हनलं, डोस्क्याचा आजार हाय, डोस्क्यालाच लावू. थेंब सांडू दिला न्हाय बाई."

मंदा ओट्याकडे तोंड करून रडत होती. "ताई, आतला कागद इंग्रजीत होता. तुला विचारायची लाज वाटली."

रागवायचं कुणावर? गांजा सांगितला तो मीच. या औषधाने नशा होत नाही, तोंडावाटे मोजून द्यायचं, हे सांगायचं राहिलं तेही माझंच. डॉक्टरांना फोन लावला. जुन्या गोळ्या चालू ठेवा, नवी बाटली आली की थोड्यापासून सुरू करू, म्हणाले. गुण येईलच असं नाही, हेही म्हणाले.

निघताना ईश्वरीच्या केसांना रिबन बांधली. मागच्या खेपेला ती मला मावशीऐवजी 'माशी' म्हणत होती. या महिन्यात तो शब्द गेला. नुसती बघत राहिली.

गाडीत बसल्यावर तिच्या केसांनी तेलकट झालेले हात धुवायला उठले आणि पुन्हा खाली बसले. महिनाभराच्या औषधातलं जे काही उरलं होतं, ते माझ्या हातांवर होतं.