मृणालीनं न विचारलेला प्रश्न

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मृणाली नोकरभरती पाहायची. एमबीएला ती वर्गात पहिली आली होती. दिव्यांगांच्या रोजगारावर दोन वर्षांत तिनं एक पान वाचलं होतं: कायद्याचं नाव, व्याख्या, टक्केवारी. परीक्षेत त्यावर चार गुणांचा प्रश्न आला, तिला चारही मिळाले.

वैष्णवी मुलाखतीला आली ती आई सगुणाबाईंना घेऊन. पूर्णगडची मुलगी, वाणिज्य पदवीधर, जन्मापासून ऐकू न येणारी. मृणालीनं विचारायचं ते सगळं आईला विचारलं.

"तिला ओठांवरनं सगळं कळतंय हो, तिलाच इचारा," सगुणाबाई म्हणाल्या.

मृणाली ओशाळून हसली आणि पुढचा प्रश्नही आईलाच विचारला. यंत्राचा सायरन वाजला तर हिला कळणार कसं, ही शंका मात्र तिनं कुणालाच विचारली नाही. मनातल्या मनात उत्तर ठरवलं आणि नकार कळवून टाकला.

चार महिन्यांनी दाखला काढायला ती बाजारातल्या सेवा केंद्रात गेली. खिडकीमागे वैष्णवी! गिऱ्हाईक वहीत लिही, ती भराभर अर्ज भरी. रांग कशी झरझर पुढे सरकत होती. मृणालीचा नंबर आला. तिनं वहीत लिहिलं, "तेव्हा सायरनची काळजी वाटली होती."

वैष्णवीनं खाली लिहिलं, "सायरनला दिवा जोडतात. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मृणालीनं वही पुन्हा ओढली. "आता याल का कामावर?" तिनं लिहिलं.

"नको. इथे बरं चाललंय."

त्या आठवड्यात मृणाली आपल्या एमबीएच्या जुन्या सरांकडे गेली; या विषयाला एक पान पुरत नाही, म्हणाली. सर म्हणाले, "अभ्यासक्रम विद्यापीठाचा. पान वाढवणं माझ्या हातात नाही. पण एक तास देतो."

मृणालीनं वैष्णवीला वहीत लिहून विचारलं, ती यायला तयार झाली. वर्गापुढे मृणालीनं आपली चूक काही न लपवता सांगितली. मग वैष्णवी फळ्यापाशी उभी राहिली. पोरं कागदावर प्रश्न लिहून पाठवू लागली, ती फळ्यावर उत्तरं देऊ लागली. तासाचे दोन तास झाले. पुढच्या वर्षीही सरांनी दोघींना बोलावलं.

त्या पहिल्या तासानंतर कारखान्यात परतल्यावर मृणालीनं नाकारलेल्या अर्जांची फाइल काढली. वैष्णवीचा सोडून दिव्यांगांचे पाच अर्ज निघाले. तिघं दुसरीकडे लागले होते, एकानं फोन उचलला नाही. पाचवा धाकू, एका हातानं अधू. तो म्हणाला, "येतंय. पण काम काय, ता आधी दाखवा."

"दाखवते," मृणाली म्हणाली. "आणि त्यात काय बदलायला हवं, ते तुम्ही सांगा."