वाकळेचा चौथा कोपरा

माझ्या सासऱ्यांएवढा संशयी माणूस सातारा जिल्ह्यात झाला नाही. आणि सातारा जिल्हा त्या काळी आजच्यापेक्षा बराच मोठा होता, हे लक्षात घेऊनच मी हे विधान करीत आहे. देवावर त्यांचा विश्वास होता. परंतु देवीला नेसवलेले लुगडे कोणी दिले, ते कोरे की धुतलेले, याची चौकशी केल्याखेरीज ते हात जोडत नसत. कोरेगावच्या बाजूला त्यांचा उसाचा मळा होता, मोट होती, बैल होते. पत्नी, मुलगे आणि तीन मुली असा संसार होता. या सर्वांवर त्यांची सक्त नजर असे. जीव मात्र वाकळेवर होता. इतर प्रांतांत जिला गोधडी म्हणतात तीच ही वाकळ: जुनी लुगडी-धोतरे थरावर थर घालून हाताने शिवलेले पांघरूण. ते बायकांनी शिवावे असा आमच्याकडील रिवाज. सासरे पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले, पायाला गोळी लागून इस्पितळात पडले, आणि वेळ जाईना म्हणून त्यांनी तेथे सुई हाती धरली. परत आल्यावर त्यांनी बंदूक सोडली, सुई सोडली नाही. गाव प्रथम हसले. परंतु हसणाऱ्याच्या अंगावरील कापडाकडे ते अशा काही हिशेबी दृष्टीने पाहत, की माणूस अंगरखा सावरून निघून जाई.

समोर कोणी आले की त्यांची नजर आधी कापडावर जाई. तोंडापर्यंत ती क्वचितच पोहोचे. ते मला पाहावयास आले, तेव्हा मी कवठे महांकाळच्या बाजूला एका खेड्यात शाळामास्तर होतो व घरची कोरडवाहू जमीन करीत होतो. आमचा मुलूख संस्थानी. तेव्हा आम्ही माणसे भरवशाची नव्हेत, हे ते घरूनच ठरवून आले होते. जमिनीविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. माझ्या धोतराचा काठ चिमटीत धरून त्यांनी उजेडाकडे केला.

"मिलचं का मागाचं?"

"मागाचे."

"धुतं कोन?"

"मीच धुतो."

"आपटून का चोळून?"

"चोळून."

सोयरीक जमली. "धोतार आपटून धुनारा गडी बायकूला बी तसाच वागवतो," असे त्यांनी घरी जाऊन सासूबाईंना सांगितल्याचे मला मागाहून कळले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी कोरेगावकडे गेलो असता हेच धोतर दोरीवर वाळत असताना नाहीसे झाले. सासऱ्यांनी चुलतभावाच्या नावाने वाडी दणाणून सोडली. त्यांच्या आवाजाला जरा अधिकच धार आहे, असे मला तेव्हाही वाटले होते. परंतु जावयाने सासऱ्याची झडती घ्यावी, अशी रीत नाही.

सुई ते पटक्याच्या घडीत खोवीत आणि कोणाला देत नसत. एकदा ती हरवली. ती कडब्यात पडली असेल व जनावराच्या पोटात जाईल, म्हणून बैलांची वैरण थांबवली. मुलांना ओळीने उभे करून "हाल्ट!" असा हुकूम झाला व प्रत्येकाचे खिसे उलटे करण्यात आले. मी पाहुणा, मलाही कोट झटकावा लागला. अखेर सासूबाईंनी त्यांच्याच पटक्याकडे बोट केले. सुई तेथे होती. सासरे यत्किंचितही खजील झाले नाहीत.

"तितंच हुती, कबूल. पर मधल्या वक्तात कुनी काडून परत ठिवली न्हाई कशावरनं?"

"आवं, बैलं तरी सोडा दावनीची," सासूबाई म्हणाल्या. "त्येंनी काय गुन्हा केलाय? हितं लुगडं वाळत घालायचं तर राखनीला मानूस बसवाय लागतंय. उद्या अंगावरचं काडून न्हेशीला."

"अंगावरचं अजून कच्चं हाय," सासरे गंभीरपणे म्हणाले.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे कापड मापावर मिळू लागले, तेव्हा लोकांना नव्या कापडाची चिंता पडली. सासऱ्यांना जुन्याची पडली. कारण नवे मिळेना म्हणून जुने कोणी टाकीना. ही सारी लढाई आपल्या वाकळा बंद पाडण्याकरिता आहे काय, असा संशय त्यांनी माझ्यापाशी व्यक्त केला. आलेल्या कापडाचीही ते उलटतपासणी करीत. लुगडे कोणाचे, तिचे जावांशी कसे होते, अंथरुणाला खिळून गेली की चालती-बोलती गेली, हे कळल्याशिवाय कात्री लागत नसे. भांडलेल्या भावांची धोतरे त्यांनी एका वाकळेत कधीच घातली नाहीत. ती आतल्या आत उसवतात, असे ते म्हणत. पाणी पाजतानाही ते बांधावर वाकळ पसरून बसत. धावदोरा सरळ जावा म्हणून मान खाली असे, आणि पाट फुटून पाणी शेजारी चुलतभावाच्या रानात जात असे. त्या वर्षांत चुलतभावाचा ऊस फार चांगला आला. त्याने काहीतरी करणी केली आहे, असे सासऱ्यांचे मत होते.

पुढे जिल्ह्यात भूमिगतांचे दिवस आले आणि सगळ्या जिल्ह्यालाच माझ्या सासऱ्यांचा स्वभाव लागला. कोण कोणाच्या घरी जेवला हे विचारणेही धोक्याचे झाले. अशा दिवसांत एक हवालदार शिपायांसह मळ्यावर आला. मी सुटीत तेथे होतो. हवालदाराने वाकळांची चळत दाबून पाहिली. एका वाकळेचा कोपरा कडक लागला.

"ह्यात काय हाय?"

"जेवान," सासरे म्हणाले.

"कागद हाय. उसवा."

"मी घातल्याला टाका मी उसवत न्हाई. तुमी उसवा. मग निस्तरायचं बी तुमीच."

हवालदाराने चाकू घातला. आतून वाळलेल्या भाकरीचा तुकडा पडला. आमच्याकडे वाकळ पुरी होत आली, की शेवटचा कोपरा मिटण्यापूर्वी त्यात भाकरीचा तुकडा घालतात. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाराही उपाशी राहतो, अशी समजूत आहे. सासरे याच्या पुढे एक पाऊल होते. वाकळ ज्या चुलीचे खाते त्या घरची होते, असा त्यांचा सिद्धांत होता.

"पोट फाडलंसा तिचं," ते म्हणाले. "आता उपाशी ठिवू नगा."

हवालदार घोटाळला. त्याच्याही आईने वाकळा शिवल्या असाव्यात. त्याने मुकाट्याने आपल्या शिदोरीतली भाकरी मोडून कोपऱ्यात घातली व तो निघून गेला. सासऱ्यांनी कोपरा शिवला, वाकळ उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली.

"तिनं सरकारचं खाल्लंय," ते आम्हा सर्वांना म्हणाले. "हितनं फुडं तिच्यादेखत काय बोलायचं न्हाई."

त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलींना त्यांच्या हातची वाकळ मिळाली. माझ्या पत्नीला मिळाली नाही. ती शिवून तयार होती. माळ्यावर मी ती पाहिली होती. तीन कोपरे मिटलेले, चौथा उघडा. पत्नीने विचारले की "अजून व्हायची हाय" एवढेच उत्तर येई. थोरल्यांच्या वाकळा त्यांची पहिली बाळंतपणे झाल्यावर पोहोचल्या होत्या. परंतु त्या वेळी मी त्या गोष्टीला महत्त्व दिले नाही. मी एवढेच अनुमान काढले, की या गृहस्थाचा माझ्यावर भरवसा नाही. ते आमच्या घरी येत तेही पाहणी केल्यासारखे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यावयाचे नाही, ही रीत पुष्कळजण पाळत. सासरे ती पलटणीच्या शिस्तीने पाळीत. पाण्याचा तांब्या आणि भाकरीचे फडके घरून आणीत, बाहेरच्या कट्ट्यावर बसत, आणि आमच्या चुलीचा धूरही पोटात जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून जागा बदलीत. मूल आम्हाला नव्हते. त्यामुळे दर भेटीत ते कट्ट्यावर व मी उंबऱ्यात, असे आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहत बसत असू.

माझ्या आईचा संशय निराळा होता. "उसाच्या मळ्यातली लेक, अन् पांघराय जतची घोंगडी," असे ती पहिल्यांदा नुसते टोचून बोले. वर्षे गेली तसे बोलणे बदलले. "पोर न्हाई, वाकळ न्हाई. बापालाच भरवसा न्हाई ही हितं ऱ्हाईल म्हनून. परत न्यायाची आसंल, तवाच दिली न्हाई." मग तिने आपल्या माहेरच्या नात्यातील एक मुलगी माझ्यासाठी हेरली. मी या विषयावर हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कमी बोलणे हा माझा स्वभाव आहे. घरात प्रत्येकाने त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला. पत्नीने माहेरी जाणे बंद केले. एकदा गेले तर परत बोलावणे येईल की नाही, याची तिला खात्री राहिली नव्हती.

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एका सकाळी सासरे आले. मिरजेला गाडी बदलून, स्टेशनापासून पायी. खांद्यावर वाकळ होती. ती त्यांनी कट्ट्यावर अंथरली आणि आईला हाक मारली.

"ईनबाई, कानावर आलंय ते खरं का?"

"काय आलंय?"

"मास्तरला दुसरी करताय म्हनं."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"मला सांगाय लागत न्हाई. माजा संशय कवा खोटा पडल्याला न्हाई." माझ्या माहितीप्रमाणे तो खरा ठरण्याची ही पहिलीच वेळ होती. "ते ऱ्हाऊ द्या. आदी भाकरी काडा."

आई चकित झाली. "तुमी जेवनार? आमच्यात?"

"मी कसा जेवीन? पोरीला पोर न्हाई. मला नगो, हिला." त्यांनी वाकळेचा उघडा कोपरा दाखवला. "हिला ह्या घरची भाकरी पायजे, अन् मला ह्या घरचा तुकडा घेता येत न्हाई. म्हनून तटली हुती. आता लय इचार केला. बापानं खाऊ ने, ही रीत. वाकळंनं खाऊ ने, असं कुनी सांगितलंय?"

पत्नी आतल्या दारात उभी होती. हाताला पीठ तसेच होते.

"भाकरी माज्या लेकीनं थापल्याली पायजे. आत घालायची मातर तुमी."

"माज्या हातानं कशापायी?"

"मी घातली तर उद्या तुमीच म्हनशीला, घरनं आनली हुती."

आई वाकळेजवळ बसली. तिने वरून हात फिरवला. तिनेही जन्मभर वाकळा शिवल्या होत्या. "टाका बारीक हाय," ती म्हणाली. म्हणावयाची इच्छा नसावी.

"लाइनीत हाय," सासऱ्यांनी दुरुस्ती केली.

पत्नीने भाकरी आणून दिली. आईने तुकडा मोडला, थांबली आणि तो हातात घेऊन आत गेली.

"कुटं निगाला?" सासरे अर्धवट उठून उभे राहिले.

आई परत आली ती गुळाचा खडा घेऊन. "ह्या घरात पैल्यांदा जेवतीया. कोरडंच घालू व्हय?"

"मुंग्या लागतील."

"लागू द्यात. त्येंनी बी खावं."

तुकडा आणि गूळ आत गेला. सासऱ्यांनी पटक्यातली सुई काढली व आतल्या भाकरीला बोट लागू न देता कोपरा शिवून टाकला. दोरा त्यांनी दातांनी तोडला नाही. आमच्या घरचे काही तोंडी लागेल, हा धोका त्यांनी पत्करला नाही; आतून कात्री मागवली.

"झालं," ते म्हणाले. "आता ही ह्या चुलीची. म्हागारी न्हेता यायची न्हाई."

"न्हेतंय कोन?" आई म्हणाली, आणि सुनेला म्हणाली, "बगत काय उबी ऱ्हायलीस? तवा करपाय लागला. अन् वाकळ आत ने, ऊन लागंल."

पत्नी वाकळ उचलू लागली, तेव्हा अस्तराचा एक भाग माझ्या दृष्टीस पडला. मागाचे धोतर, काठाजवळ शाळेच्या दौतीतील शाईचा डाग. मी सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनीही, बहुधा प्रथमच, माझ्या तोंडाकडे पाहिले.

"चोळून धुतल्यालं हाय," ते म्हणाले. "टिकंल."

मग त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आपल्या फडक्यातली भाकरी खाल्ली, आपल्या तांब्यातले पाणी प्याले आणि गेले.

नात्यातल्या त्या मुलीचा विषय आईने पुन्हा काढला नाही. पुढे आम्हाला मूल झाले नाही. त्यामुळे सासरे जिवंत असेतो आमच्या घरी पाण्याचा घोटही प्याले नाहीत. दरवर्षी येत, कट्ट्यावर बसत, वाकळ बाहेर मागवून चौथा कोपरा चाचपून पाहत आणि कोणी उसवला नाही अशी खात्री करून परत जात.

धोतर टिकले. पत्नी गेल्यापासून वाकळ उन्हात घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कट्ट्यावर ती पसरली, की थोड्या वेळाने मुंग्यांची एक रांग त्या कोपऱ्याकडे निघते. गूळ केव्हाच संपलेला असणार. मी मुंग्या झटकीत नाही. त्या आपल्या वाटेने परत जाईपर्यंत थांबतो आणि मग वाकळ आत नेतो.