माझ्या पटांगणातले ट्रक

आमच्या वेल्डन गावाच्या शताब्दीच्या पुस्तकात एमिल कुदर्नावर दोन पानं हवीत आणि ती मीच लिहावीत, असं लायब्ररीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. का, तर म्हणे, व्हर्न डिट्मर त्याला लहानपणापासून ओळखतो. ओळखतो ना. दुखरी दाढ माणूस जशी ओळखतो, तसा.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी गणितं स्वतः सोडवायचो. एमिल माझ्या वहीत बघून उतरवायचा आणि उतरवतानाही चुकायचा. बाई त्याच्या चुकांवर खुदकन हसायच्या, माझ्या बरोबर उत्तरापुढे नुसती खूण करायच्या. तेव्हापासून हे असंच चाललंय. मी बरोबर आणि तो लाडका.

त्याच्या बापाची बेकरी गावाच्या मुख्य रस्त्यावर. आमच्या नेब्रास्कात युरोपातल्या बोहेमियाकडून आलेल्या लोकांनी एक गोड पाव आणला, कोलाचे म्हणतात त्याला. तळहाताएवढा गोल, मध्ये खळगा, खळग्यात खसखशीचं नाहीतर आलुबुखाराचं सारण. एमिलची आई तो करायची, आईमागे बाप, बापामागे एमिल. शिकण्यासाठी त्याने काही कष्ट केले असतील असं मला वाटत नाही. त्याला कुठल्याच गोष्टीचे कष्ट पडलेले मी पाहिले नाहीत. बेकरीत चार टेबलं टाकली आणि म्हणाला, झाला कॅफे. टेबलं डुगडुगायची. तुम्ही अंडी मागा, तो सूप आणून ठेवायचा. आणि लोक ते सूप हसत हसत प्यायचे! एकाही गिऱ्हाइकाचं नाव त्याला आठवत नसे, सगळ्यांना 'भाऊ' म्हणायचा, आणि प्रत्येक भावाला वाटायचं की एमिलचा आपल्यावर खास जीव आहे.

मग गावाच्या दक्षिणेकडून मोठा हायवे गेला. तो गावात शिरलाच नाही, नुसता शेजारून निघून गेला. आम्हाला त्याने दोन फाटे तेवढे दिले. हायवेवरून उतरलं की छोटा जोडरस्ता आणि जोडरस्त्याच्या टोकाला दुफाटा. डावीकडे बिझनेस लूप, म्हणजे आमचा जुना मुख्य रस्ताच, त्याला आता ढालीच्या आकाराची हिरवी पाटी लावून मान दिलेला. उजवीकडे ट्रक रूट, धान्याच्या कोठाराला वळसा घालून रेल्वेच्या कडेकडेने जाणारा. अवजड गाड्यांना लूपवर सक्त मनाई. त्या गेल्या की औषधाच्या दुकानातल्या बाटल्या फळीवरून चालायला लागायच्या.

सरकारी नकाशा लागला तेव्हा सगळा गाव त्याच्यापुढे उभा राहून हळहळला. मी एकट्याने विचार केला. ट्रकवाल्यांना भूक लागते, ट्रकवाले लूपवर जाऊ शकत नाहीत, म्हणजे दुफाट्यावरची जागा सोन्याची. मी ती घेतली. स्वच्छ कॅफे बांधला, न डुगडुगणारी टेबलं आणली, पुढे ट्रकांसाठी ऐसपैस पटांगण केलं. उद्घाटनाला आलेल्या एमिलच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, "आता तुझ्याकडे म्हाताऱ्या तेवढ्या राहणार बघ."

"म्हाताऱ्या चांगल्या असतात रे," तो म्हणाला. "दात नसतात, तक्रार करत नाहीत."

माझा हिशेब बरोबर निघाला. पटांगण पहिल्याच महिन्यात भरलं. ट्रक यायचे, फुसकारत थांबायचे, ड्रायव्हर खाली उतरून दारं लावायचे, मला लांबून हात करायचे, आणि रूळ ओलांडून चालत एमिलकडे जायचे.

हो. चालत. ट्रक चालवणारी माणसं, जी आपल्या घराच्या पत्रपेटीपर्यंत मोटार काढतात! मी खिडकीतून बघत राहायचो. हातात गरम कॉफीचं भांडं, समोर पुसून लख्ख केलेलं काउंटर, आणि बाहेर त्या धष्टपुष्ट पाठींची रांग रुळांपलीकडे चाललेली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कॅफे रिकामा मात्र नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. माझ्याकडे मोटारवाले यायचे. आयोवाचे, ओहायोचे, सुटीला निघालेले नवराबायको आणि मागच्या सीटवर भांडणारी पोरं. ते जेवायचे, पैसे द्यायचे, जायचे. त्यांच्यावर माझं नीट चालायचं. माणसाने तेवढ्यावर सुखी व्हावं, असं माझी बायको लव्हॉन म्हणायची. तिला म्हणायला काय जातंय? तिच्या पर्सला दर रविवारी चर्चनंतर खसखशीचा वास यायचा.

"तू एमिलकडे गेली होतीस?"

"छे! वाट वाकडी करून कशाला जाऊ?"

"तुझ्या हनुवटीला आलुबुखार लागलंय, लव्हॉन."

मग एका गुरुवारी पाऊस कोसळत असताना ऑरिन पेटिस आत आला. ऑरिन म्हणजे गुरं वाहणारा जुना ड्रायव्हर, दर आठवड्याला माझ्या दारात ट्रक लावणारा. तो आत आला म्हणून मी चटकन कप सरळ केला.

"व्हर्न, एखादी छत्री असेल का रे?"

"कुठे निघालास?"

"एमिलकडे. पाऊस बघ ना केवढा आहे."

"इथे कॉफी गरम आहे, ऑरिन. वर छप्परही आहे."

"ते दिसतंय की. पण आज खसखशीचे असतात ना त्याच्याकडे."

दिली मी छत्री. मागणाऱ्याला भर पावसात नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. तासाभराने तो परत आला, छत्री दाराशी झटकली आणि कागदात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं.

"एमिलने दिलंय तुला. म्हणाला, व्हर्न बिचारा सकाळपासून उपाशी असेल, स्वतःच्या हातचं कोण खातं!"

काउंटरवरची दोन माणसं फिसकन हसली. ऑरिन गेल्यावर मी तो कोलाचे आत नेला आणि उभ्याउभ्या खाल्ला. वाईट असता तर मी सगळं विसरलो असतो. तो अजून कोमट होता, काठ लोण्याने मऊ झालेले, आणि इतका चांगला होता की मला रडू आलं. रागाने आलं, दुसरं काही समजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगणात बोर्ड लागला. 'जागा फक्त गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी. बाकीच्या उचलून नेल्या जातील.' अक्षरं मीच रंगवली.

"व्हर्न, हे काय चालवलंयस?" लव्हॉनने विचारलं.

"पटांगण माझं आहे."

"पटांगण तुझं आहे, पण डोकं कुणाचं वापरतोयस?"

ट्रकवाल्यांना राग यायला वेळ लागत नाही आणि तो राग पसरायला त्याहून कमी लागतो. प्रत्येकाच्या केबिनमध्ये एकमेकांशी बोलायचा रेडिओ असतो, आणि वेल्डनच्या डिट्मरने काय बोर्ड लावलाय ते हायवेभर झालं. काहीजण आठवडाभर हट्टाने आत आले, एकेक कप कॉफी घेऊन, माझ्याकडे रोखून बघत ती प्यायले. मग तेही थांबले. लूपवर जायला बंदी, माझ्याकडे बोर्ड, तेव्हा त्यांनी पुढच्या गावाचा फाटा धरला.

मी मुद्दाम मुख्य रस्त्यावरून चक्कर मारली. एमिलच्या खिडकीतून आत बघितलं. चारही टेबलं रिकामी, आणि एमिल एकटाच पत्ते लावत बसलेला. त्याने मला बघून जोरात हात हलवला.

"ये ना रे, व्हर्न! एकट्याने खेळतोय आणि तरी हरतोय!"

मी हात केला आणि पुढे निघालो. घरापर्यंत शीळ घालत गेलो. खरं सांगतो, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

पण हळूहळू माझ्याकडचे मोटारवालेही कमी झाले. मला वाटलं, सुट्या संपल्या असतील. मग वाटलं, पेट्रोल महागलंय. दुफाट्याशी गाड्या यायच्या, वेग कमी करायच्या, आणि परत वळून हायवेला लागायच्या. एका सकाळी मी पटांगण झाडत असताना ओहायोची एक लांबलचक मोटार अगदी माझ्याजवळ थांबली. काच खाली होती. आतली बाई नवऱ्याला म्हणाली, "इथे नको. एकही ट्रक नाही बघ. ट्रकवाले जिथे जेवत नाहीत तिथे आपण कशाला जेवायचं?"

नवऱ्याने मान डोलावली आणि गाडी फिरवली.

मी झाडू धरून तसाच उभा राहिलो. आमच्याकडे रस्त्यावरचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. अनोळखी गावात भूक लागली तर ट्रक कुठे उभे आहेत ते बघावं, तिथलं अन्न चांगलं. इतकी वर्षं ही सगळी माणसं माझं भरलेलं पटांगण बघून आत आली होती. आणि पटांगण भरत होता एमिल. तिकडे रुळांपलीकडे, डुगडुगत्या टेबलाशी बसून, काही न करता, तो माझा कॅफे चालवत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला बोर्ड लावल्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या ताटातला घासही त्याच्याच हातचा निघाला, याचं वाईट वाटलं.

बोर्ड मी त्याच दिवशी उपटला. ट्रक आले नाहीत. ट्रकवाल्याने एकदा फाटा बदलला की तो बैलासारखा नव्या वाटेला लागतो. थंडी पडेपर्यंत माझ्याकडे दिवसाला दोन-तीन टेबलं लागायला लागली, आणि लव्हॉन भांडी घासताना कॅफे विकायच्या गोष्टी बोलू लागली.

अशात एमिल आला. उद्घाटनानंतर पहिल्यांदाच आला. काउंटरवर बसला, हॅम आणि अंडी मागितली, सगळी खाल्ली, पावाने बशी पुसली.

"चांगलं करतोस की रे," तो म्हणाला. "कुणी मला सांगितलंच नव्हतं."

लव्हॉन हसली. मी नाही.

"दुकान बंद करतोय, व्हर्न. भट्टी पेटवायची कुणासाठी? माणसं चालत यायची थांबली."

"याच्या बोर्डामुळे," लव्हॉन म्हणाली.

"कसला बोर्ड? अगं, चालून चालून कंटाळले असतील. पोटं बघितलीस का त्यांची?"

त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तो रागावला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मीही दोन दिल्या असत्या आणि फिटंफाट झाली असती. ती सोय त्याने कधी ठेवलीच नाही.

"आमची भट्टी सकाळी रिकामीच असते," लव्हॉन सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. एमिलही बघायला लागला. बाहेर पटांगणात वारा नुसता बर्फ इकडून तिकडे नेत होता. एक शब्द बोललो की कॅफे वाचणार होता, आणि कॅफे वाचला की तो माझा राहणार नव्हता.

"ये मग," मी म्हणालो.

ऑरिन पेटिस पहिला आला. त्याने रेडिओवर काय सांगितलं देव जाणे, पण वसंत लागायच्या आत पटांगणात ट्रक लावायला जागा उरली नाही. आता कुणी रूळ ओलांडत नाही. सगळे आत येतात, माझ्या काउंटरवर बसतात, आणि ट्रक बघून मोटारवाले येतात ते निराळेच. दारावर पुरुषभर अक्षरांत 'डिट्मर' लिहिलंय. लोक म्हणतात, चला, एमिलकडे जेवू. तो अंडी मागणाऱ्याला सूप देतो. मी धावत जाऊन बदलायला लागलो तर गिऱ्हाईक माझ्यावरच ओरडतं, "राहू दे रे, एमिलने दिलंय ना!" आणि लव्हॉन दिवसभर हसते. तिचा इतका मोठा हसण्याचा आवाज मला लग्नाआधी माहीत होता, मध्ये विसरलो होतो.

गेल्या महिन्यात आयोवाचा एक माणूस लेकीला घेऊन काउंटरवर बसला होता. दोघांनी तीन-तीन कोलाचे खाल्ले. पैसे द्यायला उठला तेव्हा त्याने माझा पांढरा ॲप्रन बघितला आणि विचारलं, "हे तुम्ही केलेत?"

आजवर मला हे कुणीही विचारलं नव्हतं. हॅमबद्दल नाही, कॉफीबद्दल नाही, कशाबद्दलच नाही.

"हो," मी म्हणालो.

"काय सांगता! उभ्या जन्मात असं काही खाल्लं नव्हतं." त्याने माझा हात धरून जोरजोरात हलवला. पोरगी माझ्याकडे तोंड वर करून बघत होती. मला खूप बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

मग काउंटरवरचे सगळे ट्रकवाले गप्प झाले. स्वयंपाकघराच्या दारात एमिल उभा होता, कोपरापर्यंत पीठ. त्याने सगळं ऐकलं होतं. ऑरिनच्या मिशीखाली आतापासूनच हसू फुटायला लागलं होतं. एमिलने नुसतं 'अरे वा' म्हटलं असतं तरी छप्पर उडालं असतं. मी वाट बघत होतो. देवाशपथ, त्याने बोलावं असंच मला वाटत होतं. एकदा तरी त्याने माझ्याशी वाईट वागावं.

"आणि मला शिकवलं तेही यानेच," एमिल त्या माणसाला म्हणाला, आणि आत निघून गेला.

कुणी हसलं नाही. ऑरिनने मान खाली घालून कॉफी ढवळली. त्या माणसाने माझा हात पुन्हा एकदा दाबला आणि मी तो दाबू दिला. आयुष्यात एकच गोष्ट मी एमिलकडून हिसकावून घेतली होती, आणि तीही त्याने मला देऊन टाकली.