रांग सोडू नका

गेनोवेफाबाईंना अंतराळाचं काडीचंही प्रेम नाही. तरी रादोम गावातल्या आमच्या वसाहतीत 'दूरच्या ताऱ्यांचा पहारा' या मालिकेवर त्यांच्याइतकं कुणी लिहिलेलं नाही. उभा जन्म बुटांच्या कारखान्यात तळवे शिवले. आता दर रविवारी क्लबात बसून ती जुनी मालिका पुन्हा पाहायची आणि सोमवारी क्लबाच्या दाराला परीक्षण चिकटवायचं, हा त्यांचा उद्योग. "राक्षसाची शेपटी पुन्हा गळाली. सेनापतीला अजून अक्कल आलेली नाही." पाव आणायला निघालेली माणसं थांबून वाचायची.

या हिवाळ्यात मात्र दारावर एकच ओळ लागली: "आमचा आवाज कुणी चोरला?"

आमच्याकडे परदेशी मालिकेतल्या सगळ्यांचं बोलणं एकच माणूस आमच्या भाषेत वाचतो. सेनापती, त्याची बायको, राक्षस, सगळे एकाच कंटाळलेल्या आवाजात. क्लबात आलेल्या नव्या प्रतीत हा वाचणारा काढून प्रत्येकाला वेगळा नट दिलेला. वर भाषांतरही दुरुस्त केलेलं.

बाईंचं पित्त खवळलं ते एका वाक्यावरून. नव्या प्रतीत शत्रूनं वेढल्यावर सेनापती म्हणतो, मोर्चा सोडू नका. इंग्रजीत लढाईतल्या मोर्च्याला आणि दुकानापुढच्या रांगेला एकच शब्द. मालिका पहिल्यांदा लागली त्या काळी अख्खा देश मांसासाठी पहाटेपासून दुकानापुढं उभा. भाषांतर करणाऱ्याला दुसरं काय सुचणार? वाचणाऱ्यानं सपाट आवाजात वाचलं, "रांग सोडू नका." दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक रांगेत तेच. बाईंच्या मागं उभा असलेला एक उंच माणूसही तसंच पुटपुटला. त्याच्याशीच त्यांनी पुढं संसार केला. तो गेला, त्यानं टीव्हीवरून भरून ठेवलेल्या मालिकेच्या टेपा तेवढ्या राहिल्या.

"बाई, ती चूक होती," क्लबाचा व्यवस्थापक इरेनेउश म्हणाला. "आता नीट केलीय."

"चूक त्याची असेल. वापरली आम्ही. झिजवलेला बूट दुकानदार परत मागतो का रे? माझ्या टेपा लाव."

"तुमच्या टेपांवर नुसती खरखर आहे. लोक उठून जातील."

"लोक? तुझी आई रांगेत माझ्यापुढं उभी असायची, तू तिच्या कडेवर. रडायला लागलास की ती हेच म्हणायची तुला. तिला जाऊन सांग, चुकलीस म्हणून."

इरेनेउश कानाआड करून निघून गेला. बाईंचा कागदही त्यानं दारावरून काढला. बाईंनी दुसरा लावला, जास्त गोंद लावून.

पुढच्या रविवारी मध्यंतरात चहाच्या खिडकीपुढं गर्दी झाली. खसखशीचा केक होता, आणि वाढणारी बाई संथ. इरेनेउशनं दारातून हाक दिली, "चला मंडळी, पुढचा भाग लागतोय. चहा राहू द्या."

तेव्हा बसचालक हिएरोनिम मान न वळवता, सपाट आवाजात म्हणाला, "रांग सोडू नका."

हसली सगळी. जागचं कुणी हललं नाही. गेनोवेफाबाई हसल्या नाहीत. त्या इरेनेउशकडे वळल्या. "आता सांग यांना, मोर्चा सोडू नका म्हणून. बघू कोण ऐकतं."

इरेनेउशनं एकदा रांगेकडं पाहिलं, मग केकाकडं. "आणा तुमची टेप," म्हणाला, आणि स्वतःच शेवटी जाऊन उभा राहिला.

टेप लागली त्या रविवारी मी बाईंच्या शेजारी होतो. खरखरीतून ते वाक्य आलं. बाईंनी नाक पुसलं. "टेप भरतानाही मी ह्यांना म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्याला सर्दी झालीय."

सोमवारी दारावर परीक्षण होतं: "पुठ्ठ्याचं यान. शेंबडा खलनायक. सेनापती तसाच बिनडोक. आवाज आपल्या जागी आहे. चहाच्या खिडकीला दुसरी बाई नेमा."