अण्णांनी वाजवलेला रुपया

जुनं नाणं विकताना दगडवाले अण्णा आधी त्याची खोट सांगत. "कड घासल्याली हाय. वरचं भोक बुजवलंय. आता बघा, घ्यायचं का." गिऱ्हाईक उठायच्या बेतात आलं की मग नाण्याचं कौतुक सुरू. असा धंदा करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

वडवणीच्या आठवडी बाजारात, कासारणीच्या पालाशेजारी त्यांचं पोतं अंथरलेलं असे. त्यावर तांब्याच्या शिवराया, निजामाच्या काळातले चारमिनारचे रुपये आणि मधोमध पाटीएवढा काळा दगड. चांदीचं नाणं हाती आलं की ते डोळे मिटून दगडावर टाकायचे आणि ऐकायचे. वजनकाटा त्यांनी कधी ठेवला नाही. "काट्याला फशिवता येतं, कानाला न्हाई." पसंत पडलेलं नाणं कागदाच्या पुडीत जायचं, पुडीवर पेन्सिलीने खोट लिहायची, खाली सही. जिल्ह्यातले आम्ही आठ-दहा नाणीवेडे त्यापुढे काही तपासत नसू. 'अण्णांनी वाजवलंय' एवढं पुरे होतं.

मला ते 'यादीवाल्या ताई' म्हणत. मी शाळेत कारकून. आमच्यापैकी कुणाकडे कोणतं नाणं आहे, कुणाकडून आलं, याची वही मी ठेवते. माझ्या नाण्यांची वजनंही तिच्यात असतात. अण्णा हसायचे. "ताई, नाण्यांची जनगणना लावली का?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्याकडून नुकताच घेतलेला चारमिनारचा रुपया वहीत चढवताना तो माझ्या इतर रुपयांपेक्षा ग्रॅमभर हलका भरला. काटा बिघडला असेल म्हणून सोनाराकडे नेला. तिथेही तेवढाच भरला. भिंगाखाली कडेला बारीक सांधा दिसला. साच्यात ओतलेला, म्हणजे बनावट. आठवडाभर मला काही सुचलं नाही. अण्णांना सांगायचं म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांच्या शब्दाला हात लावायचा.

पुढच्या बाजाराला तो रुपया त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दगडावर टाकला. इतका बद्द आवाज आला की कासारणीनेही मान वळवली.

"चांगला तर हाय," अण्णा म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. कमरेच्या पिशवीतून खात्रीचा रुपया काढून टाकला, पुन्हा माझा टाकला. असं तीनदा.

"ताई, मला दोन्ही सारकेच ऐकू येतात."

त्यांनी खात्रीचा रुपया पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "एका माणसाकडून असले सात घेतलते. समदे विकले. कुणाला दिले ते तुमच्या वहीत असंल."

"अण्णा, लोक काय म्हणतील?"

"आज म्हणू द्या. मी मेल्यावर समजलं, तर माझ्या समद्याच पुड्या खोट्या ठरतील."

मी गावांप्रमाणे यादी केली आणि रविवारी आम्ही एसटीने निघालो. कान माझे, माफी त्यांची. प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या साठ्यातला खरा रुपया बदली दिला, तोही माझ्या काट्यावर ठेवून. माझ्यासकट सहा जणांचे रुपये परत आले. सातवा रुपया युसूफ वडगाव या गावच्या पाटलांकडे होता. ते अण्णांचे जुने दोस्त.

"काय रे अण्णा, भर उन्हात पायाला भिंगरी बांधली का?"

"पाटला, तो रुपया परत दे. खोटा हाय."

"तू वाजवून दिलास ना? मग खरा हाय."

"अरे, मीच सांगतोय खोटा हाय!"

"डोस्कं फिरलं असंल तुझं. रुपया खराच हाय. न्हाई देत, जा."

मी वजनाचं सांगितलं, सांध्याचं सांगितलं. पाटील ढिम्म. तेव्हा अण्णांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "माझ्या हातचं खोटंबी तू खरं मानतूस, म्हणून तर न्यायला आलोय!"

पाटील उठले. आत जाऊन पुडी घेऊन आले. ती त्यांनी अजून उघडलेलीसुद्धा नव्हती.

तिथेच ओट्यावर बसून अण्णांनी सातही रुपयांवर कानशीने आडवी खोल रेघ मारली, पुन्हा कुणी विकू नयेत म्हणून. "कान गेले. आता बसायचं न्हाई," एवढंच म्हणाले. बाजारात ते पुढेही येत, पण कासारणीच्या पालात चहा पिऊन परत जात. दगड मला दिला. एक रेघवाला रुपयाही, पुडीत बांधून. वर पेन्सिलीने लिहिलेलं: 'खोटं. माझ्या हातून गेलं, परत आणलं.' खाली सही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. मागच्या महिन्यात बीडला आम्ही जमलो, तेव्हा पाटलांनी अण्णांच्या पुडीतलं एक नाणं अदलाबदलीसाठी काढलं. बाहेरगावचा एक व्यापारी होता. त्याने पुडी उलटसुलट केली. "हे खरं कशावरून?"

मी पिशवीतून काटा काढत होते, तेवढ्यात पाटील म्हणाले, "खोटं असतं तर अण्णा न्यायला आला असता."